वर बर्फ जमतोय, खाली मात्र दूध नासतंय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वर फ्रीजर असलेला दोन दरवाजांचा फ्रीज, साधारण २५० लिटरचा, ६ वर्षं झालेला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-नातवंडं आली, रसाचे डबे फ्रीजरमध्ये गेले, आणि पुढच्या आठवड्यापासून वर बर्फ जमतो पण खाली पाण्याची बाटलीही गार होत नाही. सकाळी तापवलेलं दूध संध्याकाळी फाटतं. पाचोऱ्यातल्या मेकॅनिकने दार उघडून पाहिलं, गॅस संपलाय म्हणाला आणि साडेतीन हजार सांगितले. आता गॅस भरायचा की नवा फ्रीज घ्यायचा, हे तुम्हाला ठरवायचंय.

मी जळगावात २६ वर्षं हेच काम करतोय. फ्रीज समोर नाही, त्यामुळे छातीठोक काही सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून ते साडेतीन हजार आत्ताच काढू नका. तुमच्या फ्रीजमध्ये थंडी तयार होतेय, ती खाली उतरत नाहीये. त्यामुळे गॅसवर जाण्याआधी हवेची वाट तपासायची.

जुन्या एका दाराच्या फ्रीजमध्ये वरचा बर्फाचा डबाच थंडी तयार करायचा आणि गार हवा जड म्हणून आपोआप खाली यायची. तुमच्या फ्रीजमध्ये तसं नाही. थंडी देणारी कॉइल फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिकच्या भिंतीआड असते. तिथेच एक छोटा पंखा असतो. तो कॉइलवरची हवा ओढतो, बरीचशी फ्रीजरमध्ये सोडतो आणि थोडी मागच्या बोगद्यातून खालच्या कप्प्यात ढकलतो. खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसते, तो वरच्याच्या जिवावर जगतो. आपल्याकडे ठिबकची नळी मध्येच चोंदली की शेवटची केळी सुकतात. तेव्हा विहीर आटली असं कोणी म्हणत नाही, आधी नळी बघतात.

आता गॅसचं. फ्रीजचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. ही चूक मी स्वतः केलीय. दुकान टाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एरंडोलजवळच्या एका गावातून बोलावणं आलं. आजी म्हणाल्या, “भाऊ, वर बरफ शे, खाले मातर पानी बी थंडं व्हत नही.” मी हात लावून पाहिलं, कॉम्प्रेसर तापलेला. गॅस भरला आणि पैसे घेऊन आलो. फ्रीज सुरू झाला, आजी खूश. बाराव्या दिवशी पुन्हा फोन. गेलो, मागची भिंत उघडली, तर कॉइलवर बर्फाची अख्खी वीट बसलेली. गॅस भरताना ३-४ तास फ्रीज बंद होता, तेवढ्यात हवा जाण्यापुरता बर्फ वितळला होता, आणि मला वाटलं गॅसने काम केलं. ते पैसे परत केले. तेव्हापासून भिंत उघडल्याशिवाय गॅसचं नाव काढत नाही.

ती बर्फाची वीट का बसते? दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते. त्यातलं पाणी कॉइलवर हिम होऊन चिकटतं. ते काढायला फ्रीज दिवसातून दोन-तीन वेळा स्वतःच थांबतो, कॉइलखालचा हीटर पेटतो, हिम वितळतं आणि पाणी एका नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाऊन तिथल्या उष्णतेने उडून जातं. रात्री शांततेत कधी फ्रीजरमधून तव्यावर थेंब पडल्यासारखा ‘चर्र’ आवाज आला असेल तर तो हाच. हा हीटर जळला, किंवा त्याला चालू-बंद करणारं बायमेटल, फ्यूज, टायमर यांपैकी एक गेलं, की हिम साचत जातं. आधी बोगद्याचं तोंड बंद होतं, म्हणून खालचा कप्पा आधी कोमट होतो. वरचा कॉइलला चिकटून असल्याने आणखी काही दिवस तग धरतो. तुमचं वर्णन नेमकं या टप्प्याचं वाटतं.

वाटतं म्हणतोय, कारण याहून साधी कारणं आधी बाजूला काढायला हवीत. ती तुम्ही घरीच बघू शकता.

पहिलं म्हणजे ते रसाचे डबे. फ्रीजरच्या मागच्या भिंतीवर जाळी किंवा फटी असतात, त्यातून हवा येते. कप्प्याच्या तळाशी पुढच्या बाजूला किंवा कडेला परतीची भोकं असतात. डबे किंवा पिशव्या त्यांना टेकून बसल्या की हवा फिरत नाही. भुसावळला एका घरी मी अवजारांची पेटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढलो, आणि निघालं काय, तर रसाच्या पाच पिशव्या जाळीला चिकटून दगड झालेल्या. पिशव्या बोटभर पुढे ओढल्या, चहा घेतला, उतरलो. खालच्या कप्प्यातही वरच्या कोपऱ्यात मागे अशाच फटी असतात. तिथे कोथिंबिरीची जुडी किंवा भाकरीच्या पिठाचा डबा ठासलेला नाही ना, बघा.

दुसरं, नॉब. बहुतेक साध्या मॉडेलमध्ये दोन असतात आणि लोकांना वाटतं दोन्ही थंडी वाढवतात. खरं तर एक नॉब कॉम्प्रेसर किती चालायचा ते ठरवतो, आणि दुसरा, बहुधा फ्रीजरमधला, हवेची झडप असतो. ती झडप ‘जास्त थंड’वर नेली की थंडी वाढत नाही. हवा वर राहते आणि खालचा वाटा कमी होतो. पाहुणे आले, बर्फ लवकर हवा म्हणून कोणी पूर्ण फिरवला आणि तसाच राहिला, हे दर उन्हाळ्यात चार-पाच घरी सापडतं. कुठला नॉब कशाचा, ते मॉडेलवर आहे, त्यामुळे दोन्ही मधोमध आणून ठेवा आणि एक दिवस जाऊ द्या. तासाभरात निकाल लागत नाही.

तिसरं, पंखा. कॉम्प्रेसर चालू असताना फ्रीजरचं दार उघडा आणि चौकटीतलं बटण बोटाने दाबून धरा, म्हणजे फ्रीजला दार बंद आहे असं वाटेल. भिंतीआड घरघर ऐकू आली, जाळीपाशी गार झुळूक लागली, तर पंखा ठीक. खरखर येत असेल तर पाती बर्फाला घासतायत. काहीच आवाज नसेल तर पंखा गेलाय किंवा बर्फात अडकलाय. काही मॉडेलना हे बटण खालच्या दारालाही असतं, काहींत बटणाऐवजी चुंबक असतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

हे सगळं ठीक निघालं तर फ्रीज रिकामा करा, प्लग काढा आणि दोन्ही दारं पूर्ण २४ तास उघडी ठेवा. खाली जुनं धोतर-चादर अंथरा, पाणी बरंच येईल. घाई करून सुरी, उलथनं, गरम पाणी यातलं काही वापरू नका. भिंतीआडची कॉइल ॲल्युमिनियमची असते, टोक लागलं की भोक, आणि मग खरोखरच गॅसचा खर्च. दुसऱ्या दिवशी सुरू करा, ८-१० तास रिकामा चालू द्या आणि खालच्या मधल्या फळीवर पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा. तापाचा नको, तो एवढं कमी दाखवत नाही. प्रयोगशाळेतला किंवा फ्रीजचा वेगळा मिळतो. सकाळी ३ ते ५ अंशांच्या दरम्यान आकडा हवा. फ्रीजरमध्ये उणे १८ च्या आसपास.

आता निदान दिवसांवर आहे. फ्रीज छान चालला आणि आठवड्या-पंधरवड्याने पुन्हा खाली कोमट झाला, तर जवळजवळ नक्की डीफ्रॉस्टचाच, म्हणजे हिम वितळवणाऱ्या त्या हीटरच्या बाजूचाच बिघाड. यातले भाग काही शे रुपयांत येतात. तुमचा फ्रीज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, बोर्डवाला (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा) असेल तर टायमरऐवजी सेन्सर आणि बोर्ड तपासावा लागतो. बोर्ड गेला असेल तर खर्च वाढतो, तेव्हा वेगळा विचार करू. २४ तासांनंतरही पहिल्याच दिवशी खाली गार झालं नाही, तर पंखा किंवा झडप. आणि वरचा बर्फही मऊ राहिला, आइस्क्रीममध्ये चमचा सहज घुसला, कॉम्प्रेसर एकदाही न थांबता चालत राहिला, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं असू शकतं.

त्याच्याशी भांडू नका. त्याला एवढंच सांगा, “भाऊ, आधी मागची भिंत उघडून कॉइल दाखव.” चालत्या फ्रीजची पूर्ण कॉइल पांढऱ्या बर्फाने गच्च झाली असेल तर गॅस भरपूर आहे, हीटरची बाजू बिघडलीय. फक्त पहिल्या एक-दोन ओळी पांढऱ्या आणि बाकी कोरडी, उघडी असेल तर गॅस कमी आहे किंवा बारीक नळी चोंदलीय. हा फरक तुम्हाला लांबूनसुद्धा दिसेल. भिंत स्वतः मात्र उघडू नका. हीटरला थेट २३० व्होल्टचा पुरवठा असतो.

गॅस भरायचीच वेळ आली तर मागच्या स्टिकरवर कुठला गॅस लिहिलाय ते त्याला वाचायला लावा. ६ वर्षांच्या फ्रीजमध्ये आर-६००ए असण्याची बरीच शक्यता आहे. तो पेट घेणारा आहे, स्वयंपाकाच्या सिलेंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद. वजनाने जेमतेम काही तोळे असतो, पण नळी जोडायला बंद स्वयंपाकघरात ज्योत पेटवायची नाही. फ्रीज अंगणात किंवा ओट्यावर काढा. आणि त्यात दुसरा गॅस ‘चालतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आता उन्हाबद्दल, कारण माझ्याकडचे अर्धे फोन बिघाडाचे नसतात, मे महिन्याचे असतात. फ्रीज कुठल्या हवेत चालण्यासाठी बनवलाय ते स्टिकरवर एक-दोन इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक फ्रीजवर ‘टी’ असतं, म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटली की त्याहून जास्त. म्हणजे भर दुपारी आपला फ्रीज हद्दीबाहेर राबत असतो. तेव्हा आतला आकडा ७-८ वर गेला तर तो बिघाड समजू नका, रात्री उतरतो का ते बघा.

त्याला उष्णता बाहेर टाकायला जागा द्या. नव्या फ्रीजची काळी जाळी मागे दिसत नाही, ती दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत असते. म्हणून त्या भिंती चटका बसेल अशा तापतात, आणि ते बरोबर आहे. दोन्ही बाजूंना आणि मागे चार-चार बोटं मोकळी ठेवा. बाजूला खिसे लोंबणारं विणलेलं कव्हर घातलेलं असेल तर उन्हाळ्यात काढून ठेवा. हौशीने विणलेलं असतं, कळतं, पण ते म्हणजे धावणाऱ्या माणसाला गोधडी पांघरणं. कापसाच्या गावात जुन्या फ्रीजच्या मागच्या जाळीवर मी नमद्यासारखा रुईचा थर पाहिलाय. तुमचा तसला असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने झाडा.

आणि पाण्याच्या बाटल्या. १ लिटरच्या १० बाटल्या ३८ अंशांवरून ८ अंशांवर आणायच्या तर ३०० किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागते. पावणेचार किलो बर्फ वितळवायला लागते तेवढी. भरल्या घरात हे दिवसातून दोनदा, आणि प्रत्येक पोराने पाच मिनिटांनी दार उघडायचं ते वेगळंच. आखाजीला नवी घागर घरात आलेलीच असते. पिण्याचं पाणी तिच्यावर सोपवा, फ्रीजमध्ये फक्त तीन-चार बाटल्या राहू द्या. पाहुण्यांच्या गर्दीत फ्रीज बसला अशी तक्रार येते, त्यातल्या पुष्कळशा एवढ्यानेच मिटतात.

दुधाचंही सांगतो. दाराचे कप्पे सगळ्यात कोमट असतात, नेमकं तिथेच लोक दूध ठेवतात. दूध मधल्या फळीवर मागे ठेवा. तापवलेलं पातेलं तसंच आत सरकवू नका आणि दुपारभर ओट्यावरही सोडू नका. आपल्या उन्हात तासाभराच्या आत ते फ्रीजमध्ये जायला हवं. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवलं, एकदा पाणी बदललं, की २०-२५ मिनिटांत कोमट होतं.

रावेरकडची केळी फ्रीजमध्ये ठेवू नका, १३ अंशांच्या खाली त्यांची साल काळी पडते. भरताची हिरवी वांगीही फार गारठ्यात डागाळतात, एक-दोन दिवसांत भाजणार असाल तरच ठेवा. रस मात्र गोठवा, पण मोठ्या डब्यांऐवजी पसरट, छोट्या डब्यांत, आणि एका दिवशी सगळा नको.

दाराचं रबर तपासायचं असेल तर एक जुनी नोट मध्ये धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंनी अडखळत निघायला हवी. सहज सुटली त्या जागी रबर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, घड्यांमधला रसाचा चिकटा काढा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर वितळलेल्या पाण्याची नळी तुंबलीय. मागचा ट्रे दर आठवड्याला रिकामा करून पुसा, विशेषतः पावसाळ्यात. डेंग्यूचे डास त्यात हौसेने अंडी घालतात, आणि आरोग्य खात्याची माणसं घरी आली की आधी तोच ट्रे काढून बघतात.

व्होल्टेजचं तुम्ही लिहिलं नाहीये, पण विचारून ठेवतो. संध्याकाळी ट्यूबलाइट लुकलुकते का? फ्रीज सुरू होताना ‘टक’, गुणगुण, परत ‘टक’, असं होतं का? तसं असेल तर व्होल्टेज कमी पडतंय आणि कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करून थकतोय. कॉम्प्रेसर जळण्याचं हे मुख्य कारण आहे, तिथे स्टॅबिलायझर घ्याच. लाइट जाऊन आली तर पाच मिनिटं थांबूनच फ्रीज सुरू व्हायला हवा. चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये ही सोय असते. लाइट गेलेली असताना दार उघडायचं नाही. बंद राहिला तर खालचा कप्पा साधारण चार तास टिकतो, आपल्या उन्हात त्याहून कमी धरा.

नवा घ्यायचा का, तर ६ वर्षांच्या फ्रीजसाठी मी तरी तो सल्ला देणार नाही. कॉम्प्रेसर गेला असेल किंवा नळी भिंतीच्या फोमच्या आत गळत असेल, तर पुन्हा हिशेब मांडावा लागेल. तुमच्याकडे वर बर्फ जमतोय, त्यामुळे तिथपर्यंत गेलेलं दिसत नाही.

तर आज डबे पुढे ओढा, नॉब मधोमध आणा. उद्या रात्रीपर्यंत फरक पडला नाही तर परवा २४ तास बंद ठेवा. दूध तेवढा दिवस शेजारी द्या. सुरू केल्यावर कॅलेंडरवर खूण करा आणि पुन्हा खाली कोमट झालं तर किती दिवसांनी, ते मला कळवा. सोबत मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, म्हणजे टायमरवाला आहे की बोर्डवाला, आणि कुठला भाग मागायचा, ते सांगता येईल.